माया करायला कुणीतरी हवं : आईच्या आजारपणाने शिकवलेल्या दहा गोष्टी

माझ्या आईला अल्झायमर आहे. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला आणि नागपुरातल्या एका दवाखान्यात तिला भरती करावं लागलं. तिथे तिच्या उशाशी एक यंत्राची मांजर आली. न्यू जर्सीला राहणारा माझा भाऊ धावतपळत आला, तेव्हा ती बॅगेत घालून घेऊन आला. पांढऱ्या दुधाळ केसांची, पाठीवर हात फिरवला की गुरगुरणारी, गालाला हात लावला की तोंड वळवणारी. आईने तिचं नाव ‘मनी’ ठेवलं.

भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांपैकी सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आहे, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यातली बहुतेक कधी ना कधी दवाखान्यात जाणारच. डिमेन्शियासाठी नाही, तर मोडलेल्या हाडासाठी, न्यूमोनियासाठी, हृदयासाठी. घरातल्या भिंती आणि रोजची माणसं यांच्या आधाराने ज्यांचं कसंबसं चाललेलं असतं, त्यांचा तो आधार भरतीच्या दिवशी एकदम सुटतो. त्या वेळी काय उपयोगी पडलं, काय नाही, हे इतर घरांना कळावं म्हणून लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या आजारात आठवणी जातात, पण माया करण्याची सवय जात नाही. जिची चोवीस तास सेवा होते, तिलाही कुणाची तरी सेवा करायची असते. यंत्राची मांजर कामी आली ती एवढ्यासाठीच. बाकी सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

१. आधी डॉक्टर, मग मांजर

ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आई छताकडे बोट दाखवून कुणाशी तरी बोलू लागली. मला ओळखेना, अंथरुणातून उठू लागली. भेटायला आलेले नातेवाईक म्हणाले, “आजार वाढला वाटतं.” तसं नव्हतं. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, डेलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उसळतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. त्यामागे बहुतेकदा शोधता येण्यासारखं कारण असतं. लघवीत इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, पोट साफ न होणं, एखादं औषध न मानवणं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सांगता न येणाऱ्या वेदनेकडे.

डिमेन्शियाचा माणूस “दुखतंय” असं म्हणेलच असं नाही. तो चिडतो, कण्हतो, हात झटकतो. अशा वेळी मऊ मांजर हातात देऊन त्याला शांत करणं म्हणजे दुखणं झाकणं. म्हणून पहिला नियम हा. माणूस अचानक बदलला, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “आई कालच्यापेक्षा आज वेगळी वागते आहे.” हे वाक्य फार मोलाचं आहे, कारण ती काल कशी होती हे घरच्यांखेरीज कुणालाच माहीत नसतं. सोबत चष्मा आणि कानाचं यंत्र आठवणीने न्या. धूसर दिसणारं, अर्धवट ऐकू येणारं जग कुणालाही घाबरवेल. कारण सापडून उपचार सुरू झाले की मग मांजरीची पाळी.

२. हात बांधण्याआधी हातांना काम द्या

आईच्या उजव्या हाताला सलाईन होतं. डावा हात सारखा त्या सुईकडे जायचा. पट्टी उचकटायची, नळी ओढायची. रात्री एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात ते सगळ्यांना माहीत आहे. एका रात्री आईचा डावा हात गॉजपट्टीने खाटेच्या दांडीला बांधला गेला. बांधलेल्या हाताने ती आणखी घाबरली, आणखी झटापट करू लागली, मनगटावर वळ उठला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाने मांजर तिच्या डाव्या कुशीशी, उशीवर ठेवली. खुब्याच्या बाजूला नाही आणि मांडीवर तर मुळीच नाही. सेल घातलेली मांजर चांगली जड असते. आईचा हात सवयीने सुईकडे निघाला आणि वाटेत केसांना लागला. तिथेच थांबला. मग तिची दोन बोटं मांजरीच्या गळ्याखाली गेली आणि खालून वर, हनुवटीपर्यंत, सावकाश खाजवू लागली. मांजर गुरगुरली. ही गुरगुर नुसता आवाज नसते, आत थरथर असते आणि ती तळव्याला जाणवते. आईने तळवा तिथे दाबून धरला. थोड्या वेळाने पुन्हा खाजवलं, पुन्हा तळवा दाबला. सुईची आठवण राहिली नाही. त्या रात्री हात बांधावा लागला नाही.

दर रात्री असंच घडलं असं मी म्हणणार नाही. पण सलाईन ओढणारा हात बहुतेकदा मोकळा, बिनकामाचा हात असतो, हे मला तिथे कळलं. आयुष्यभर ज्या हातांनी भाकऱ्या थापल्या, लेकरं थोपटली, त्यांना खाटेवर करायला काहीच नसतं. मिळालं की ते त्यात रमतात.

३. जनावर निवडताना माणसाचं गाव आठवा

गळ्याखाली खाजवण्याची ती रीत मांजरीची नाही, गाईची आहे. आईचं माहेर आर्वीकडचं. वर्धा-नागपूरच्या त्या पट्ट्यात गवळाऊ गाई, पांढऱ्या-करड्या रंगाच्या. आईचं बालपण गोठ्यात गेलं. गाय धार देताना शांत राहावी म्हणून तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला खाजवत राहणं हे मुलींचं काम असायचं. सत्तर वर्षांनंतर दवाखान्यात आईच्या बोटांनी तेच काम सुरू केलं, आणि बोलीही तीच परत आली. नागपूरच्या महाल भागात संसार केलेली माझी आई एरवी आमच्याशी शाळेत शिकवावं तशी मराठी बोलायची. मांजरीशी मात्र, “काहून वं, भूक लागली का तुले?”

म्हणून कोणतं जनावर, हा प्रश्न त्या माणसाच्या आयुष्याला विचारायचा. ज्याला लहानपणी कुत्रा चावला, त्याच्यापुढे कुत्रा ठेवू नये. मांजर अशुभ मानणाऱ्या घरातल्या आजीला मांजर देऊ नये. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त रेल्वे कर्मचारी आजोबा मनीकडे ढुंकूनही पाहत नसत. पण त्यांच्या मुलीने जुनं वेळापत्रक हातात दिलं की तासभर एकेक ओळ बोटाने वाचत बसत. प्रत्येकाची माया जनावरावरच असते असं नाही.

जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी या प्रश्नावर वेगळा विचार केला. १९९३ पासून त्यांनी ‘पारो’ घडवला, सील या सागरी प्राण्याच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाच्या रूपातला रोबो. त्याला स्पर्श, प्रकाश, आवाज आणि तापमान कळतं, नावाने हाक मारली की तो मान वळवतो. कुत्रा-मांजर सगळ्यांनी जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे नकलेतलं उणं लगेच दिसतं. सीलचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, म्हणून तुलनाच होत नाही, हा त्यांचा हिशेब. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. शिबातांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर आहे. माझा अनुभव मात्र असा की ओळखीचं जनावर असलं तर ते माणसाला त्याच्या गावापर्यंत घेऊन जातं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री मुलीचं नाव विसरतात, पण रस्त्यावरचा हत्ती पाहून त्याच्यामागे चालू लागतात. शब्द सुटल्यावरही प्राण्याची ओढ सुटत नाही.

४. “खरी आहे का ही?” या प्रश्नाला खरं उत्तर द्या

या यंत्रांवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप असा आहे की ही भोळ्या, आजारी माणसाची फसवणूक आहे. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्येच तो मांडला होता. यंत्राला जीव आहे असं वाटूनच जर सुख मिळत असेल, तर ते सुख खोट्यावर उभं आहे, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप मला खूप दिवस टोचत होता.

आईने एकदा विचारलंच, “खरी आहे का ही?” मी म्हटलं, “नाही आई, हिच्यात सेल आहेत. पण हात फिरवला की गुरगुरते.” आई म्हणाली, “असू दे,” आणि हात फिरवत राहिली. काही वेळा ती मनीला जिवंत समजायची, काही वेळा नाही. ती विचारील तेव्हा मी खरं सांगायचे. ती विचारत नसेल तेव्हा “आई, ते खेळणं आहे” असं मधेच सांगून तिचा डाव मोडत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येतात.

नागपूरकरांना हे समजणं अवघड जाऊ नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघूजीराजांनी तो सुरू केला, असं मानतात. लाकडी बैल सजतात, त्यांना ओवाळतात, नैवेद्य दाखवतात, पोरं बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, गोळा करतात. तो बैल लाकडाचा आहे हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं आणि आजीलाही. तरी आजी त्याच्या पायावर पाणी घालते. तिला कुणी फसवलं असं आपण म्हणत नाही. लाकडाच्या निमित्ताने ती बैलाच्या उपकाराला नमस्कार करते. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी मंदिरात २०२३ पासून जिवंत हत्तीऐवजी यांत्रिक हत्ती आहे, आणि तिथलेही भक्त ते जाणूनच हात जोडतात. माया खरी असायला समोरचं जनावर खरं असावं लागत नाही. सांगणारा मात्र खरा असावा लागतो.

५. महाग तेच चांगलं असं नाही

पारोची किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे पाच लाख रुपये. आमच्या मनीसारख्या मांजरी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने २०१५ मध्ये बाजारात आणल्या. पुढे तो विभाग वेगळा होऊन एजलेस इनोव्हेशन ही कंपनी झाली. या मांजरींची किंमत शे-दीडशे डॉलर. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा पैसे नेमके कशाचे मोजायचे?

याचं उत्तर द्यायला मदत करणारा एक चांगला अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडमधल्या २८ शुश्रूषागृहांतल्या ४१५ डिमेन्शियाग्रस्तांवर तो केला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला चालू पारो दिला, दुसऱ्याला तोच पारो पण यंत्रणा बंद केलेला, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. चालू पारोशी माणसं जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त पाहिलं. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा अस्वस्थताही कमी झाली. पण अस्वस्थतेच्या बाबतीत चालू पारो आणि बंद पारो यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे अर्धं काम नुसत्या मऊ, वजनदार, कुशीत घेता येणाऱ्या वस्तूनेही होतं.

म्हणून माझा सल्ला असा. परदेशातून मांजर येणार असेल तर येऊ द्या, नसेल तर अडून बसू नका. चांगलं कापडी जनावर घ्या. आतून थोडी जड भर घालून शिवून घ्या, कारण कुशीत वजन जाणवलं पाहिजे. आणि प्राणी नकोच असेल तर दुसरं काम द्या. आमच्या वॉर्डातल्या एका आजी कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. डोळे मिटलेले असले तरी बोटं चालायची. वळलेल्या वाती संध्याकाळी सिस्टरला द्यायच्या, देवापुढे लावायला. त्यांचंही कुणासाठी तरी काही करणं चालूच होतं.

६. वेळ, ऊन आणि आवाज सांभाळा

डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांची घालमेल दुपार कलल्यावर वाढते. उजेड मंदावतो, वॉर्डात ड्यूटी बदलते, भेटायला आलेले निघून जातात, आणि माणूस “मला घरी जायचंय” म्हणू लागतो. मांजर याच्या थोडं आधी द्यायची. घालमेल टिपेला गेल्यावर दिली तर ती फेकली जाते. दिवसभर उशाशी ठेवली तर तिचं काही वाटेनासं होतं. थोडा वेळ द्यावी, माणूस कंटाळण्याआधी “मनीला झोप आली” म्हणून बाजूला घ्यावी.

या वस्तू थंड देशांसाठी बनलेल्या आहेत हेही लक्षात असू द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. जनरल वॉर्डात कुलर असला तरी खाटेपर्यंत वारा पोहोचतोच असं नाही. अशा दुपारी केसाळ मांजर अंगाला चिकटून ठेवली तर घाम, पुरळ आणि चिडचिड. आम्ही ती संध्याकाळी, कुलरसमोरच्या बाजूला ठेवायचो, खाली सुती पंचा अंथरून. रात्री आवाजाचं बटण बंद करायचो. म्याँव आपल्या आईला गोड वाटलं, तरी बाजूच्या खाटेवर कुणाचं दुखणं वाढलेलं असतं.

७. केसांत जंतू बसतात

हा मुद्दा सिस्टरने काढला आणि तो रास्त आहे. जिवंत कुत्रा-मांजर वॉर्डात आणता येत नाही याचं मुख्य कारण संसर्ग हेच. मुंबई-पुण्याकडे ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने उपचारांचं काम करतात, पण त्यासाठी प्रशिक्षित जनावर, त्याचं लसीकरण आणि सोबत जाणकार माणूस लागतो. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या खाटेवर तर ते शक्यच नसतं. यंत्राच्या जनावराचा फायदा असा की ते ओरबाडत नाही, चाटत नाही, पायात येऊन म्हाताऱ्याला पाडत नाही. पण त्याचेही केस असतात, आणि केसांत जंतू राहू शकतात.

ब्रिटनमध्ये ब्रायटनच्या नर्सिंग संशोधकांनी डिमेन्शियाच्या वॉर्डात पारो वापरून हेच तपासलं. २०१८ मध्ये त्यांनी मांडलं की हात धुणं आणि ठरल्याप्रमाणे पुसून काढणं नेमाने पाळलं, तर जंतूंचं प्रमाण आटोक्यात राहतं. आम्ही पाळलेले नियम साधे होते. मांजर एकाच रुग्णाची, खाटा-खाटांवर फिरवायची नाही. आधी आणि नंतर आईचे आणि आपले हात धुवायचे. जखमेच्या पट्टीपासून लांब ठेवायची. आयसीयूत न्यायची नाही. उलटी, जुलाब किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर पिशवीत बंद. आणि हे सगळं सिस्टरला विचारून, तिच्या होकाराने.

८. सिस्टर आणि मावशींना सामील करून घ्या, आणि मोबाइल खाली ठेवा

आईच्या फाइलला आम्ही एक कागद लावला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : त्यांना ‘आजी’ म्हणू नका, ‘बाई’ म्हणा, त्या शिक्षिका होत्या. चहा बिनसाखरेचा. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. गोठ्याबद्दल, आर्वीबद्दल विचारलं की बोलतात. मांजरीचं नाव मनी, बटण पोटाखाली. ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीचं अशाच माहितीचं एक पत्रक तिथल्या इस्पितळांत वापरलं जातं. आपल्याकडे साधा वहीचा कागद पुरतो. त्या कागदानंतर वॉर्डातल्या मावशी अंथरूण बदलताना म्हणू लागल्या, “बाई, मनीला जरा धरा बरं, मी चादर ओढते.” आई मनीला छातीशी धरायची आणि कूस बदलताना होणारी ओरड निम्म्यावर यायची. एरवी जिला पलटवायला दोन माणसं लागायची, ती आता स्वतः कामात मदत करत होती.

याच जोडीला एक गोष्ट कळकळीने सांगते. मांजरीशी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तुम्हाला ते गोड वाटतं. पण ज्या बाईने तीस वर्षं वर्ग सांभाळला, तिला हे चालेल का, असं तिला विचारायची सोय आता उरलेली नाही. तिच्या वतीने नकार देणं आपलं काम आहे. तसंच, मांजर मुलाला खाऊ द्यावा तशी पुढे करू नका. “आई, हिला जरा सांभाळशील का? मला काम आहे,” असं म्हणा. खेळणं देणं आणि जबाबदारी देणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर त्यांना कळतं.

९. भूक, सेल आणि निरोप यांची तयारी ठेवा

जिथे माया आली, तिथे भरवणंही आलंच. आई मनीच्या तोंडाला दहीभात लावायची. केस चिकट व्हायचे, मग पुसायला घेतलं की तिला वाटायचं आपण मनीला तिच्यापासून हिरावतो आहोत. आम्ही एक लहान रिकामी वाटी ठेवली. आई ती मनीपुढे धरायची, मग “झालं तिचं” म्हणून स्वतःचा घास घ्यायची. जेवायला नकार देणारी आई मनीच्या पंगतीत जेवू लागली, हा आमच्यासाठी सगळ्यात मोठा फायदा.

मांजरीला चार मोठे सेल लागतात, आणि त्या आकाराचे सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. सीताबर्डीवरून आणून ठेवावे लागतात. सेल उतरला की मांजर मधेच थिजते, आणि समोरच्या माणसाला ती मेली असं वाटू शकतं. म्हणून जास्तीचे सेल जवळ ठेवा आणि बदलताना पाठ फिरवून, नजरेआड बदला. हा जिव्हाळा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोनी कंपनीने ‘आयबो’ या रोबो-कुत्र्यांची दुरुस्ती बंद केल्यावर जपानमधल्या चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात २०१५ पासून त्यांचे अंत्यविधी होऊ लागले. धडधाकट, शहाणी माणसं आपले कुत्रे घेऊन तिथे जात होती.

आणि एक दिवस असा येतो की माणूस मांजरीकडे पाहीनासा होतो. आजार पुढे सरकलेला असतो. तेव्हा पुन्हा पुन्हा हातात देऊन “बघ ना, तुझी मनी” असं करू नये. मनीचं काम झालेलं असतं. मग हात हातात घेऊन बसावं, आवडतं भजन लावावं, पायाला तेल लावावं. स्पर्श आणि सूर शेवटपर्यंत पोहोचतात.

१०. मांजर आली म्हणून माणसाने उठून जाऊ नये

या यंत्रांची मला एकच भीती वाटते. ती स्वस्त होतील, सहज मिळतील आणि मग आजीजवळ बसायला कुणाची गरज नाही असं घरादाराला वाटू लागेल. परदेशातला मुलगा फोनऐवजी मांजर पाठवील, दवाखाना सिस्टर वाढवण्याऐवजी मांजर घेईल. तसं झालं तर स्पॅरो यांचा आक्षेप खरा ठरेल, आणि दोष यंत्राचा नसेल.

आमच्या घरात उलटं झालं. भावाचे व्हिडिओ कॉल पूर्वी मिनिटभरात संपायचे, कारण “ओळखलंस का मला?” या प्रश्नापुढे दोघंही अडकायचे. मनी आल्यावर तो विचारू लागला, “मनी जेवली का? तुला त्रास देते का?” आणि आई त्याला सगळं सांगू लागली. ती त्याला मुलगा म्हणून ओळखते की नाही, हा प्रश्न बाजूला पडला आणि गप्पा मात्र झाल्या. मला स्वतःला त्या वेळात चहा घ्यायला, दोन मिनिटं डोळे मिटायला फुरसत मिळाली. सांभाळणाऱ्याची अशी विश्रांती चैनीची नाही. तिच्याशिवाय सांभाळणं फार काळ टिकत नाही. थकलेल्यांनी एकट्याने झुरू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेली-मानस. दोन्ही मोफत आहेत.

आपल्या शहराकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. मेडिकल, मेयो, एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने, या सगळ्यांच्या हाडांच्या आणि मेडिसिनच्या वॉर्डांत डिमेन्शियाचे रुग्ण आजही आहेत. प्रत्येक वॉर्डात एक लहान कपाट हवं. त्यात दोन-चार जड कापडी जनावरं, वातींसाठी कापूस, काढता-लावता येणारी बटणं शिवलेला गोधडीचा एखादा तुकडा, धुता येतील अशा लाकडी वस्तू. भरतीच्या वेळी घरच्यांना विचारायला एक छापील प्रश्न : “यांच्या हातांना कशाची सवय आहे?” आणि डेलिरियमच्या रुग्णाचा हात बांधण्याआधी हे कपाट उघडून पाहण्याचा नियम. यासाठी पाच लाखांचा रोबो लागत नाही. तान्ह्या पोळ्यानंतर वर्षभर माळ्यावर पडून राहणारे लाकडी बैल आपल्या शहरात हजारोंनी असतील. त्यातले काही धुऊन-पुसून वॉर्डात दिले, तरी सुरुवात होईल. दवाखान्याने औषध द्यावं, घराने माणूस द्यावा, आणि रुग्णाला काहीतरी देता येईल अशी जागा दोघांनी मिळून राखावी.